कैद्यांना विद्यार्थी-कर्जाबाबत साहाय्य (अमेरिका)

तुरुंगात जाण्यापूर्वी शिक्षणासाठी काढलेले आणि शिक्षेच्या काळात थकलेले कर्ज मार्गी लावण्यासाठी कैद्याला केलेले साहाय्य. अमेरिकेत बहुतेक विद्यार्थी-कर्ज संघराज्य सरकारचे असते आणि त्याच्या वसुलीला मुदतीची आडकाठी नाही. शिक्षा झाली म्हणून ते माफ होत नाही, व्याजही आपोआप थांबत नाही.

सुमारे २७० दिवस हप्ते चुकले की कर्ज ‘डिफॉल्ट’मध्ये जाते, म्हणजे अधिकृतपणे बुडीत ठरते, आणि कर्जदाराला नवे सरकारी शैक्षणिक साहाय्य बंद होते. यात पेल अनुदानही आले. गरीब विद्यार्थ्यांना मिळणारे हे अनुदान परत फेडावे लागत नाही. १९९४ च्या गुन्हेगारीविषयक कायद्याने ते कैद्यांसाठी बंद केले होते. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘सेकंड चान्स पेल’ प्रयोगाने दार किलकिले झाले आणि १ जुलै २०२३ पासून ते पुन्हा उघडले. कॉलेज तुरुंगात आले. पण जुनी थकबाकी असलेला कैदी वर्गाबाहेरच राहिला.

कायद्यातले उपाय तसे कडक नाहीत. जुन्या कर्जांच्या उत्पन्नावर आधारित परतफेडीत उत्पन्न शून्य असेल तर हप्ताही शून्य असू शकतो. मात्र कर्ज सहसा आधी डिफॉल्टमधून बाहेर काढावे लागते. त्यासाठीच्या ‘रिहॅबिलिटेशन’मध्ये दहा महिन्यांत नऊ हप्ते भरायचे असतात, सलग सहा वेळेवर भरले की पेलची पात्रता परत मिळते. हप्ता ५ डॉलरपर्यंत खाली येतो. ही रक्कम किरकोळ वाटते, पण संघराज्याच्या तुरुंगांत साध्या कामाची मजुरी तासाला १२ ते ४० सेंट आहे. सर्वात कमी दराने ५ डॉलर म्हणजे जवळपास ४२ तासांचे झाडू-पोछा, आणि साबण व फोनचा खर्चही त्यातूनच. कर्ज डिफॉल्टमधून बाहेर काढण्यासाठी २०२२ मध्ये जाहीर झालेली ‘फ्रेश स्टार्ट’ सवलत सोपी होती, नुसत्या पत्रानेही काम होई. ती २०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपली.

खरी अडचण नियमांपेक्षा संपर्काची आहे. टोल-फ्री क्रमांक तुरुंगातल्या फोनवरून बरेचदा लागत नाही. लागलाच, तर संघराज्याच्या तुरुंगात १५ मिनिटांनी फोन तुटतो आणि तोवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ची धून वाजत असते. इंटरनेट सहसा नसते, पासवर्डचा कोड बाहेर राहिलेल्या मोबाइलवर येतो, नोटिसा जुन्या पत्त्यावर पडून राहतात. म्हणून नातेवाईक, वकील किंवा कॉलेजचा समन्वयक यांचे काम पुष्कळसे कारकुनी असते: कैद्याच्या सहीचे संमतीपत्र घेणे (त्याशिवाय कर्ज सांभाळणारी कंपनी तिऱ्हाइताशी बोलत नाही), उत्पन्नावर आधारित परतफेडीचा कागदी अर्ज भरून टपालात टाकणे, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करणे. मध्येच कैद्याची बदली झाली की पुन्हा पत्ता बदलून घेणे.

कॉलेजाचे नावही आधीच विचारून घ्यावे. २०१५ मध्ये बंद पडलेल्या ‘कोरिंथियन कॉलेजेस’ या खाजगी कॉलेज-साखळीच्या विद्यार्थ्यांची उरलेली सरकारी कर्जे २०२२ मध्ये सरसकट माफ करण्याचे जाहीर झाले. जे फेडायचे म्हणून धास्ती आहे, ते कर्ज कदाचित उरलेलेच नसते. खाजगी बँकांच्या कर्जाला यातले काहीच लागू नाही.