मेथॅनॉल विषबाधा आणि स्वादुपिंड

मेथॅनॉलाच्या (मेथिल अथवा काष्ठ अल्कोहॉलाच्या) विषबाधेत स्वादुपिंडास होणारी इजा. ही विषबाधा दृष्टी घालवणारी म्हणूनच परिचित असल्याने पोटातील या ग्रंथीकडे लक्ष उशिरा गेले. लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मेथॅनॉल प्रथम रॉबर्ट बॉइल यांनी १६६१ च्या सुमारास वेगळे केले, असे सामान्यतः मानतात. त्याचे रासायनिक संघटन द्यूमा व पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३४ मध्ये ठरवले.

मेथॅनॉल मूळ रूपात फारसे घातक नसते. यकृतातील अल्कोहॉल डीहायड्रोजनेज हे एंझाइम त्याचे फॉर्माल्डिहाइड करते व त्यापासून झटपट फॉर्मिक अम्ल बनते. हे अम्ल पेशीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे ऑक्सिजन वापरणारे एंझाइम रोखते. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशी तो वापरू शकत नाही. फॉर्मिक अम्लाचा निचरा फोलेटावर (एका ब जीवनसत्त्वावर) अवलंबून असून माणसात तो संथ, तर उंदरांत वेगाने होतो. उंदरांवरील प्रयोग माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, ते यामुळे. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात. सोबत एथॅनॉल (पिण्याच्या मद्यातील अल्कोहॉल) पोटात गेले असल्यास आणखी उशिरा.

अमेरिकेतील अटलांटा येथे १९५१ मध्ये झालेल्या ३२३ जणांच्या विषबाधेत पोटदुखी ठळक होती, आणि शवविच्छेदनांत स्वादुपिंडाच्या ऊतींचा नाश आढळला. अशा ग्रंथीत रक्तस्रावाचे काळपट डाग असतात, तर भोवतालच्या चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके. तिची पाचक एंझाइमे आतच जागी होऊन चरबी विरघळवतात आणि सुटलेली मेदाम्ले कॅल्शियमाशी बांधली जातात, त्याच्या या खुणा.

कारणाबाबत मतभेद आहेत. बरेच रुग्ण मद्याच्या आहारी गेलेले असतात, शिवाय उतारा म्हणून एथॅनॉलच देतात. ते स्वतः स्वादुपिंडाला अपायकारक असल्याने काही जण सारा दोष त्याच्याकडे देतात. परंतु उतारा सुरू होण्यापूर्वीच काही रुग्णांत इजा आढळली आहे. त्यामुळे उपचार हेच एकमेव कारण हे मत टिकत नाही. फॉर्मिक अम्ल आणि तीव्र अम्लरक्तता (रक्तातील अम्लाचे प्रमाण वाढणे) यांचा थेट घात अधिक संभाव्य वाटतो. जुन्या मद्यपानाचा वाटा मात्र वेगळा काढणे अवघड आहे.

या शंकेपायी एथॅनॉल रोखून धरणे सर्वथा चूक ठरेल. ते त्याच एंझाइमाला गुंतवून फॉर्मिक अम्ल बनू देत नाही. फोमेपिझोल हे औषध हेच काम एथॅनॉलाच्या दुष्परिणामांवाचून करते, म्हणून उपलब्ध असल्यास ते बरे. डायालिसिस, अम्लता उतरवणारे बायकार्बोनेट व फोलिनिक अम्ल (फोलेटाचे एक रूप) यांची जोड असते.

निदानात रक्तातील नुसत्या वाढलेल्या अमायलेजवर (पिष्ट पचवणाऱ्या एंझाइमावर) विसंबू नये; ते लाळग्रंथींतूनही येते. लायपेज हे चरबी पचवणारे एंझाइम अधिक भरवशाचे. पोटातील कळ पाठीपर्यंत जाते हे शुद्धीवरचा रुग्ण सांगतो. बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत ही एंझाइमांची तपासणी आपणहून आणि पुन्हा पुन्हा करावी लागते.