अनुभूती आणि दावा: गूढ आणि तर्क यांची हद्द

गूढवाद आणि तर्क यांचा वाद बहुतेक वेळा भलत्याच जागी रंगतो, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टी एकच धरल्या जातात: एखाद्याला आलेली गूढ अनुभूती, आणि तिच्या बळावर त्याने जगाविषयी केलेला दावा. ‘सर्व काही एकच असल्याचे मला जाणवले’ ही अनुभूती झाली. ‘म्हणून काळ हा भ्रम आहे’ हा दावा झाला. अनुभूती खोडून काढण्याचे तर्काला कारण नाही. दावा मात्र कितीही तळमळीने केलेला असला, तरी त्याला पुराव्याच्या कसोटीतून सूट मिळत नाही.

ही हद्द पाळता येते. १६५४ साली फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल याने पिएर द फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाशी केलेल्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे दोन तास त्याला उत्कट ईश्वरानुभव आला. त्याची लेखी नोंद त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून ठेवली आणि ती १६६२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतरच इतरांच्या हाती लागली. गणिताच्या सिद्धतेत त्या अनुभूतीला त्याने कधी साक्षीला बोलावले नाही.

रामानुजन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. आपली सूत्रे नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात असे ते मानत. १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पाठवलेल्या पत्रांतील अनेक विलक्षण सूत्रे खरी ठरली. मूळ संख्यांच्या मोजणीविषयीचा त्यांचा दावा मात्र चुकीचा निघाला. खरे काय आणि चूक काय, हे सूत्र कोठून सुचले यावरून कळले नाही. त्यासाठी सिद्धताच लागली.

गल्लत तर्कवाद्यांकडूनही होते. ‘हे सारे मेंदूतील रसायनांचे खेळ आहेत’ असे म्हटल्याने कोणताही दावा खोटा ठरत नाही. गणित सोडवतानाही मेंदूच चालत असतो.

उरतो तो ‘हे शब्दांपलीकडचे आहे’ हा नेहमीचा बचाव. अनुभूतीपुरता तो रास्त आहे, आणि माझ्या मते आदरानेच ऐकावा. परंतु जे शब्दांत मावत नाही त्यातून इतरांनी काय मानावे आणि कसे वागावे याचे तपशीलवार आदेश काढणाऱ्याने तो बचाव स्वतःच सोडून दिलेला असतो.