पर्वतीच्या पायऱ्या, लागलेली धाप आणि हृदयातली झडप

मागच्या दिवाळीत पाडव्याला पहाटे आम्ही सगळी भावंडं पर्वती चढायला गेलो, १०३ पायऱ्या, आणि माझी २९ वर्षांची मावसबहीण निम्म्यातच कठड्याला टेकून उभी राहिली. धाप इतकी की बोलता येईना. सगळे म्हणाले हिमोग्लोबिन कमी असेल, नीट जेवत नाही ही, मीपण तेच म्हणाले. महिन्याभराने रात्री आडवं झालं की खोकला यायला लागला, उठून बसलं की बरं वाटायचं, तेव्हा डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि सरळ टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून या म्हणाले.

इकोच्या खोलीत मी तिच्यासोबत होते. पडद्यावर काळ्या-करड्या रंगात हृदय हलताना दिसत होतं आणि डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं की ही डावीकडची मायट्रल झडप, हिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडायला हवं, हिचं जेमतेम ०.९ उघडतंय. माशाचं तोंड असतं ना, तशी छोटीशी फट.

शाळेत आपण शिकलोय की हृदयाला वर दोन अलिंद आणि खाली दोन निलय. त्यांच्या मधल्या दारात या झडपा असतात, उजवीकडे तीन पाकळ्यांची ट्रायकस्पिड, डावीकडे दोन पाकळ्यांची मायट्रल. काम एकच, रक्त वरून खाली जाऊ द्यायचं, परत वर येऊ द्यायचं नाही, आणि हे दिवसाला साधारण १ लाख वेळा. खालचा कप्पा आवळला जातो तेव्हा पाकळ्यांवर जबरदस्त दाब येतो. वाऱ्यात छत्री उलटी होते तशा त्या उलट्या व्हायला हव्यात, पण होत नाहीत, कारण पाकळ्यांच्या कडांना आणि पोटाला बारीक चिवट दोऱ्या असतात आणि त्या दोऱ्या खालच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंनी धरून ठेवलेल्या असतात. आपण 'लब-डब' म्हणतो त्यातला 'लब' हा या दोन झडपा मिटल्याचा आवाज.

मला सगळ्यात थक्क करणारा भाग म्हणजे या झडपा बनतात कशा. गर्भ तीन-साडेतीन आठवड्यांचा असतानाच हृदय धडधडायला लागतं, पण तेव्हा ते नुसती एक नळी असतं, झडपा नसतातच. नळीच्या आत जेलीचा थर असतो, तो मधल्या भागात उशीसारखा फुगतो आणि नळी आवळली की या उशाच एकमेकींना टेकून रक्त मागे जाणं थोडंफार अडवतात. मग आतल्या अस्तरातल्या काही पेशी शेजारणींचा हात सोडून त्या जेलीत शिरतात, तिथे रुजतात आणि हळूहळू त्या मऊ उशीच्या पातळ, चिवट पाकळ्या होतात. वरची आणि खालची उशी मधोमध जुळून एका दाराची दोन दारं करतात. त्या उशा जुळल्या नाहीत तर बाळाला दोन झडपांऐवजी एकच मोठी सामायिक झडप आणि मधे भोक राहतं, डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांमधे हा दोष बराच दिसतो. आणि ट्रायकस्पिडच्या पाकळ्या भिंतीपासून नीट सोलून सुट्या झाल्या नाहीत तर त्याला एबस्टाइनचा दोष म्हणतात, विल्हेल्म एबस्टाइन या जर्मन डॉक्टरने १८६६ मधे तो नोंदवला. आता पाचव्या महिन्यातल्या फीटल इकोत, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या इकोत, यातलं बरंच काही जन्माआधीच दिसू शकतं.

माझ्या बहिणीची झडप मात्र जन्मतः चांगली होती. तिची गोष्ट घशापासून सुरू झाली. नववीत असताना घसा धरला, दोन-तीन आठवड्यांनी ताप आणि सांधे सुजले, आज गुडघा तर उद्या घोटा, मग आपोआप बरं वाटलं आणि घरात सगळे विसरून गेले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूशी लढायला शरीर जी शस्त्रं तयार करतं ती काही मुलांमधे स्वतःच्याच झडपेवर चालतात, कारण जंतूचे आणि आपले काही रेणू एकमेकांसारखे दिसतात. याला रुमॅटिक फीव्हर म्हणतात. पुढे वर्षानुवर्षं पाकळ्या जाड होत जातात, कडेने चिकटतात, दोऱ्या आखडतात. दार अरुंद झालं की रक्त मागे फुफ्फुसांत तुंबतं, म्हणून धाप, म्हणून आडवं पडल्यावर खोकला. तरुण बायकांमधे हे जास्त आढळतं, आणि धाप लागली की अशक्तपणा म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे जी सवय आहे तिचा मला आता राग येतो, स्वतःचासुद्धा. कितीतरी जणींना हे गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढून हृदयावर ताण आला की पहिल्यांदा कळतं.

इकोची सुरुवातही याच झडपेपासून झाली. १९५३ मधे स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड मशीन उसनं आणून हृदयावर लावलं. एडलरना मायट्रल झडपेचा आजारच समजून घ्यायचा होता. पडद्यावर हलणारी जी रेघ त्यांना आधी अलिंदाची भिंत वाटली ती पुढे मायट्रलची पाकळी निघाली!

बहिणीचं बलून केलं. ही पद्धत जपानच्या कांजी इनोउएंनी १९८२ मधे पहिल्यांदा वापरली. मांडीतल्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात, तिथून मधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे, आणि झडपेत बलून फुगवला की चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडायची गरज नाही. धातूची झडप बसवली असती तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आणि तिला मूल हवंय, पोटातल्या बाळाला वॉरफरिनसारख्या गोळ्या त्रास देऊ शकतात, म्हणून बलूनवर भागलं याचा फार आनंद झाला. अर्थात बलून सगळ्यांना चालत नाही, झडप फार कडक झालेली असेल किंवा खूप गळत असेल तर ऑपरेशनच.

दुसऱ्या दिवशीच्या इकोत झडपेचं तोंड १.८ चौरस सेंटीमीटर आलं. त्या रात्री ती आडवी झोपली, उशांचा ढीग न करता. आता पुन्हा घशाचा जंतू झडपेवर उठू नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान चाळिशीपर्यंत, दुखतं खूप. मावशीने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या तारखांना लाल गोल करून ठेवलेत.