घाट उतरताना गाडी न्यूट्रलला का टाकू नये, आणि अ‍ॅव्हरेजचं बाकीचं गणित

खंडाळ्याचा घाट उतरायला लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, तेवढंच पेट्रोल वाचतं, हा सल्ला आपल्याकडे बापाकडून मुलाकडे आणि ड्रायव्हरकाकांकडून अख्ख्या सोसायटीकडे जात आलाय. आणि गंमत म्हणजे एके काळी तो बरोबर होता. पेट्रोलपुरता बरं का, जिवापुरता कधीच नव्हता.

१९८३ ला आलेली मारुती ८०० घ्या नाहीतर त्याआधीच्या पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर घ्या, या सगळ्या कार्ब्युरेटरवाल्या. इंजिन हवा ओढणार आणि त्या ओढीबरोबर पेट्रोल आपोआप खेचलं जाणार, अशी साधी सोय. त्यामुळे गाडी गिअरमध्ये उतारावर पळत असेल आणि इंजिन जोरात फिरत असेल तर पाय काढला तरी थोडंथोडं पेट्रोल जातच राहायचं. न्यूट्रल केलं की इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी असतानाच्या संथ गतीला, यायचं आणि पेट्रोल कमी जायचं. साधारण २००० च्या आसपास इंजेक्शनच्या गाड्या सर्रास झाल्या आणि गणित उलटं झालं, सल्ला मात्र तोच राहिला.

आताच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू नावाचा कॉम्प्युटर ठरवतो. गाडी गिअरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललाय आणि इंजिन पुरेसं जोरात फिरतंय असं दिसलं की तो इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नळ, सरळ बंद करतो. कमी नाही, बंद. उतारावर चाकंच इंजिनाला फिरवत असतात म्हणून इंजिन काही बंद पडत नाही, आणि आरपीएम (मिनिटाचे फेरे) हजार-दीड हजाराच्या आसपास उतरला की पेट्रोल परत सुरू होतं. न्यूट्रलला टाकलं तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटला, मग ते चालू ठेवायला आयडलिंगचं पेट्रोल द्यावंच लागणार. म्हणजे जीव धोक्यात घालायचा आणि वर पेट्रोलही जास्त जाळायचं. ज्यांच्या गाडीत इन्स्टंट अ‍ॅव्हरेज दिसतं त्यांनी उतारावर गिअरमध्ये असताना पाय उचलून बघावं, आकडा एकदम वरच्या टोकाला जाऊन बसतो. न्यूट्रलला इंजिनाचा रोध मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापले की धरेनासे होतात, खंडाळ्याच्या याच बोर घाटात ट्रक-टेम्पोंचे ब्रेक फेल होतात त्यात हेही एक कारण असतं. चावीच बंद करून उतरणारे महाभाग वेगळेच. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल कडक होऊन बसतं, पॉवर स्टिअरिंगही जातं.

बरं, मुळात पेट्रोल जातं कुठे? एका लिटरमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, विजेच्या भाषेत जवळपास ९ युनिट. त्यातली ढोबळमानाने तीन चतुर्थांश रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जाते, त्याला आपण घरबसल्या काही करू शकत नाही, तो इंजिन बनवणाऱ्यांचा प्रश्न. उरलं पाव, म्हणजे ८ मेगाज्यूल. हे तीन ठिकाणी जातं: ब्रेकमध्ये, हवा कापण्यात आणि टायर दबण्या-फुगण्यात.

शहरात सगळ्यात मोठा चोर म्हणजे ब्रेक. माणसांसकट १००० किलोची गाडी ताशी ६० ने चालली असेल तर तिच्यात साधारण १४० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, ती गोळा करायला वरच्या हिशोबाने १७ मिलीच्या आसपास पेट्रोल लागतं. ब्रेक दाबून गाडी थांबवली की ते सगळं डिस्क गरम करण्यात गेलं. शंभर रुपये लिटर धरलं तर प्रत्येक वेळी पावणेदोन रुपये. समोर सिग्नल लाल दिसतोय, तरी शेवटपर्यंत रेटत न्यायची आणि मग कचकन थांबायचं, मागचा माणूस सावकाश येऊन आपल्याच शेजारी उभा राहतो आणि त्याचं पेट्रोल कमी गेलेलं असतं. लांबूनच पाय उचलला तर इंजेक्टर बंद राहतात, म्हणजे तेवढं अंतर फुकट. हायब्रीड गाड्या शहरात चांगलं अ‍ॅव्हरेज देतात त्याचं मोठं कारण हेच, ब्रेक मारताना जाणाऱ्या ऊर्जेतली थोडी तरी त्या बॅटरीत परत घेतात.

याच हिशोबाने खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतची साधारण ५०० मीटरची चढण धरली तर नुसतं वजन वर उचलायलाच अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल जातं. त्यामुळे "घाटात गाडी फार खाते" ही तक्रार गाडीची नाही, गुरुत्वाकर्षणाची आहे.

हायवेला गणित बदलतं, तिथे शत्रू हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की वेग सव्वापट पण हवेचा रेटा दीडपटीच्या वर, आणि १२० ला तो ८० च्या सव्वादोनपट. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटरचा, अख्खा १०० ने गेलात काय आणि ८० ने गेलात काय, कागदावर फरक १४ मिनिटांचा (घाटात १०० ने जायचंच नसतं, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी). तेवढ्यासाठी किती द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं, माझं मत विचाराल तर ८०-९० ला गाडी शांतपणे चालते आणि गप्पाही नीट ऐकू येतात. टपावर रिकामा कॅरिअर वर्षभर मिरवणाऱ्यांनी मात्र तो उतरवून ठेवावा, एका गणपतीच्या ट्रिपसाठी बाराही महिने हवा अडवत फिरण्यात अर्थ नाही.

खिडक्या की एसी हे भांडणही यातच येतं. गावात हळू चालताना खिडक्या उघड्या ठेवणं स्वस्त, हायवेच्या वेगाला खिडक्या बंद करून एसी लावलेला बरा, कारण उघड्या खिडक्या हवेचा अडथळा वाढवतात. ट्रॅफिकमध्ये रांगताना मात्र एसी खूप खातो, कारण गाडी पुढे सरकत नसली तरी कॉम्प्रेसर चालूच.

गिअरबद्दल थोडं. पेट्रोल इंजिनात हवा येण्याच्या वाटेवर एक झडप असते, थ्रॉटल, आणि आपण पाय हलका ठेवला की ती अर्धवट बंद राहते. मग इंजिनाला नाक चिमटीत धरून श्वास घेतल्यासारखी हवा ओढावी लागते आणि त्यातच ताकद वाया जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिन भणाणत ठेवण्यापेक्षा वरचा गिअर टाकला की झडप जास्त उघडते, फेरे कमी होतात, घर्षणही कमी. म्हणून लवकर वरचा गिअर. पण चौथ्यात ताशी २५ ने गाडी थडथडत असेल तर ती कंजुषी इंजिनाच्या मुळावर येते.

सिग्नलला इंजिन बंद करावं का? छोटं पेट्रोल इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं. इंजेक्शनच्या गाडीला परत स्टार्ट करायला फारच थोडं पेट्रोल लागतं, दहाएक सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलं परवडतं. बॅटरी म्हातारी असेल तर मात्र जपून.

आता मेंटेनन्स. इथे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टायरमधली हवा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, परत फुगतो, आणि रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, ती उष्णता होऊन जाते. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो, तोच भरायचा, आणि टायर थंड असताना, हायवेवरून तापून आलात की प्रेशर तीन-चार पीएसआय जास्तच दाखवतं. नायट्रोजनला पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

एअर फिल्टरचं मात्र वेगळं आहे. फिल्टर चोंदला की अ‍ॅव्हरेज पडतं हे प्रत्येक गॅरेजवाला सांगतो, पण अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांवर तपासलं तेव्हा अ‍ॅव्हरेजमध्ये जवळपास फरकच दिसला नाही, कारण हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी सोडतो. पिकअप मात्र पडतो. फिल्टर बदलायचाच, पण इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून. खरा खड्डा पाडतो तो ऑक्सिजन सेन्सर. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते आणि हे प्रमाण जमतंय का ते हा सेन्सर धुरावरून सांगत असतो, तो चुकीचं बोलायला लागला की ईसीयू बिनदिक्कत जास्त पेट्रोल ओततो. म्हणून चेक इंजिनचा दिवा लागला तर महिनोन् महिने तसंच फिरू नका. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं, जाड ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं काही नसतं. पेट्रोलच्या पाइपला बांधायचे मॅग्नेट वगैरे प्रकरणं सोडून द्या. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोलही, ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याला) विरोध, जास्त ऊर्जा नाही.

इतकं सगळं करूनही ब्रोशरमधला आकडा मिळणार नाही. आपल्याकडे "एआरएआयचं अ‍ॅव्हरेज" म्हणतात ते (एआरएआय म्हणजे गाड्या तपासणारी पुण्यातली संस्था) प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून, कमाल वेग ताशी ९० असलेल्या ठरावीक चक्रात मोजलेलं असतं. पुण्यातली एआरएआयची टेकडी चढून जाण्याचं अ‍ॅव्हरेज त्यात धरत नाहीत. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, आपल्या खर्चाचा हिशोब मांडायला नाही.

आणि हल्ली त्यात इथेनॉलची भर. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे २० टक्के मिसळलं की त्या लिटरची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मुळात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घटीचाच अंदाज आहे, २० टक्क्यांना जुळवलेल्या नव्या गाड्यांना १-२ टक्के. त्यामुळे जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज १८ वरून १७ वर आलं असेल तर मेकॅनिकशी भांडू नका. पण १८ वरून १३ वर आलं असेल तर दोष इथेनॉलचा नाही, थोडं फिरवून आणून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय.

मोजायचं कसं, तर टाकी फुल करायची, पंपाचा नोझल पहिल्यांदा कट झाला की थांबायचं, ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत फुल, झालेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, तीन-चार टाक्यांची सरासरी काढा, आणि एसी लावून काढलेल्या एप्रिल-मेचा आकडा डिसेंबरच्या आकड्याशी लावू नका.