रास्पबेरी पायला किती वाजले ते कळतच नाही

लॅपटॉप महिनाभर बंद ठेवला तरी चालू केल्यावर टाइम बरोबर दाखवतो कारण आत सेलवर चालणारं वेगळं घड्याळ असतं, आरटीसी म्हणतात त्याला. रास्पबेरी पाय म्हणजे एका बोर्डवर मावणारा छोटा कॉम्प्युटर, त्याच्या नेहमीच्या बोर्डांवर २०२३ मधे पाय ५ येईपर्यंत ते नव्हतंच. मग त्यावरची लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम काय करते, तर दर तासाला आणि बंद होताना वेळ एका फाइलमधे लिहून ठेवते आणि चालू झाली की तिथूनच पुढे मोजते! नेट असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवरून बरोबर वेळ आणायची सोय, सगळं सरळ करतं, पण शेतातल्या पंपाशेजारच्या डब्यात नेट कुठलं, सहा तास लाइट गेली की पुढचं सगळं रेकॉर्ड निदान सहा तास मागे.

यावर उपाय म्हणजे डीएस३२३१ या आरटीसी चिपचं मॉड्यूल, चारच वायरी. यातला क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि हा आकडा उगाच नाही घेतलेला, १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक टिक. ऊन-थंडीने साधा क्रिस्टल भरकटतो, हा चिप मात्र तापमान बघून स्वतःला सावरून घेतो त्यामुळे वर्षाला फरक पडला तर मिनिटभराचा. फक्त एक बघा, स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, त्याला ५ व्होल्ट देऊन साधा सीआर२०३२ सेल अजिबात घालू नका, तो चार्ज करायचा सेल नाहीये.

आता सिरीयल पोर्ट, म्हणजे जीपीएस मॉड्यूलसारखी उपकरणं जोडायची आणि एकामागून एक बिट पाठवणारी जागा, तिथेही भानगड घड्याळाचीच. क्लॉकची वेगळी वायर नसते, दोन्ही बाजूंनी आपापलं मोजायचं, ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगाला, एक बिट म्हणजे जेमतेम १०४ मायक्रोसेकंद. पाय ३ वर चांगला यूआर्ट (सिरीयल पोर्ट चालवणारं सर्किट) ब्लूटूथला देऊन टाकला आणि पिनांवर आला मिनी यूआर्ट, ज्याचा वेग चिपच्या आतल्या कोअर क्लॉकवर अवलंबून, म्हणजे लोडप्रमाणे क्लॉक कमीजास्त झाला की जीपीएसच्या आकड्यांऐवजी स्क्रीनवर नुसता कचरा. कॉन्फिग फाइलमधे यूआर्ट चालू केला की तो क्लॉक २५० मेगाहर्ट्झला बांधला जातो आणि कचरा थांबतो.

तरी जीपीएस गप्पच असेल तर पोर्टवर कन्सोल, म्हणजे लिनक्सची लॉगिन आणि कमांडची खिडकी, बसलाय का बघा, लिनक्स बिचाऱ्या जीपीएसला लॉगिन विचारत बसलेली असते. सेटिंगमधे लॉगिन शेलला (म्हणजे त्या कन्सोलला) नाही म्हणा, पोर्टला हो म्हणा आणि रीबूट मारा.