चमचा, कांदा आणि चटई : नाशिककरांच्या विज्ञानगप्पांची पार्श्वभूमी

जून २०२१. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि नाशिकच्या सिडकोतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांचा व्हिडिओ प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडला. लशीचा दुसरा डोस घेतल्यापासून अंगाचं चुंबक झालंय, चमचे आणि नाणी चिकटतात, असा दावा होता. दोन दिवसांत चॅनेलवाले पोचले, डॉक्टर येऊन तपासून गेले, लशीने असं काही होत नाही असा सरकारी खुलासाही आला. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घाम, त्वचेचा तेलकटपणा आणि घर्षण हे साधं कारण सांगितलं.

आमच्या घरीही प्रयोग झाला. फ्रिजवरचं गणपतीचं चुंबक काढून स्टीलच्या चमच्याला लावलं, तर चिकटेना. स्टेनलेस स्टीलच्या बऱ्याच भांड्यांना लोहचुंबक धरत नाही. तोच चमचा माझ्या दंडाला मात्र झकास चिकटला, आणि मी तोवर एकही डोस घेतला नव्हता. मग दंडाला पावडर चोपडली. चमचा खणकन फरशीवर. लशीचा डोस अर्ध्या मिलिलिटरचा. तेवढ्या थेंबभर पाण्यात लोखंड भरलं तरी ते कातडीपलीकडून वाटी पेलणार नाही, हे दहावीच्या पोराने आजीला समजावून सांगितलं. आजी म्हणाली, "ते खरं रे, पण मग टीव्हीवर का दाखवतात?" त्या आठवड्यात ऐकलेल्या प्रश्नांमधला मला हाच सगळ्यात चांगला वाटला.

विज्ञानावर तज्ज्ञ नसलेल्यांनी गप्पा मारण्याची ही खोड आजची नाही. १८४० साली मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढलं. भूगोल, खगोल, पदार्थविज्ञान असे विषय मराठीतून सामान्य वाचकापुढे ठेवण्याची ती सुरुवात. त्याच १८४० साली नाशिकला ग्रंथालय सुरू झालं, आजचं सार्वजनिक वाचनालय. आपण सगळे त्याला 'सावाना' म्हणतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण वाचायला काहीतरी आणि वाचायला जागा, दोन्ही एकाच वर्षी आल्या, याची मला उगाच गंमत वाटते. पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमालेची पद्धत पुढे नाशिकनेही उचलली. मे महिन्यात गोदाघाटावर, यशवंतराव महाराज पटांगणात, उन्हं उतरल्यावर लोक व्याख्यान ऐकायला बसतात. पुढे १९२८ साली पुण्याहून 'सृष्टिज्ञान' निघालं आणि १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली.

या सगळ्या काळात प्रश्न मुख्यतः एकाच जातीचा होता. हे खरं का? ग्रहणात जेवलं तर काय होतं, अंगात येतं म्हणजे नेमकं काय होतं, पत्रिका जुळते का. १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली आणि या प्रश्नाला गावोगाव फिरणारे कार्यकर्ते मिळाले. पत्रिकेच्या प्रश्नाची तर सरळ चाचणीच झाली. डॉ. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका घेतल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस देऊन विचारलं, कोणती कुणाची ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढंच आलं असतं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला.

'खरं का' या प्रश्नात आपण तयार झालो, असं म्हणायला हरकत नाही. 'करावं का' हा दुसरा प्रश्न मात्र आपण कायम डॉक्टर, इंजिनिअर नाहीतर कलेक्टर यांच्या टेबलावर सरकवत आलो.

तो प्रश्न महाराष्ट्राच्या दारात पहिल्यांदा ठसठशीतपणे आला सोनोग्राफीच्या निमित्ताने. यंत्र खोटं बोलत नव्हतं, दाखवत होतं ते बरोबरच होतं, आणि नेमकं तेच संकट होतं. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर कायदा केला. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ चा. आज कॉलेजरोडपासून पंचवटीपर्यंत कुठल्याही सोनोग्राफी सेंटरमध्ये जा, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी भिंतीवर असतेच. तिच्याखाली बसून आपण नंबर लागायची वाट बघतो आणि ती पाटी इथे का आली हे कुणी कुणाला विचारत नाही.

मग कांदा. लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' प्रकल्प सुरू झाला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गामा किरणांचा हलका मारा केला की कांद्याला कोंब फुटत नाही. चाळीत कांदा साठवणाऱ्याला कोंबाचं दुःख वेगळं सांगायला नको. पण 'अणू' म्हटल्याबरोबर पारावर एकच चर्चा : हा कांदा खाल्ला तर आपण किरणोत्सर्गी होणार का? नाही होणार. एक्स-रे काढून आलेला माणूस जसा घरच्यांना बाधत नाही, तसंच हे. किरण आरपार जातात, कांद्यात वस्तीला राहत नाहीत. प्रक्रिया केलेल्या मालावर तसं लिहिणं बंधनकारक आहे, वर हिरव्या फुलासारखी खूणही असते.

इथवर 'खरं का' झालं. पुढचे प्रश्न फार थोड्यांनी विचारले, आणि जे विचारले ते शेतकऱ्यांनी. प्रक्रियेचा खर्च कुणी भरायचा? कोंब फुटला नाही तरी कांदा सडतो आणि वाळतो, त्यासाठी शीतगृह लागतं, ते कुणाचं? भाव पडल्यावर थांबायची ऐपत व्यापाऱ्याला मिळणार की पिकवणाऱ्याला? शेवटी गंमत अशी, की २००७ साली हे केंद्र गाजलं ते आंब्यामुळे. फळातली कीड पुढे वाढू नये म्हणून अमेरिकेने घातलेली किरणप्रक्रियेची अट इथे पुरी झाली आणि भारतीय हापूस तिकडच्या बाजारात गेला. कांद्यासाठी बांधलेल्या घरात कोकणचा पाहुणा मुक्कामाला.

तिसरी वस्तू चटई. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि ३९ माणसं गेली. सरदार चौकाचा तो उतार ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगावं लागत नाही. पुढच्या सिंहस्थाआधी, २०१४ पासून, नाशिकचेच असलेले, अमेरिकेतल्या एमआयटीचे शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारं 'कुंभथॉन' भरू लागलं. कॉलेजची पोरं, डॉक्टर, पालिकेचे अधिकारी, हौशी मंडळी, सगळे एका छताखाली. त्यातून शाळकरी निलय कुलकर्णी आणि त्याच्या साथीदारांची 'आशिओतो' ही चटई आली. जपानीत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. चटईवर पाय पडला की दाबाची नोंद होते, किती माणसं कोणत्या वेगाने पुढे सरकली ते कळतं, आणि गर्दी दाटायच्या आत पोलिसांना वाट वळवता येते. २०१५ च्या सिंहस्थात तिने १८ तासांत सुमारे ५ लाख माणसं मोजली.

मला त्या चटईचं कौतुक आणखी एका कारणासाठी वाटतं. तिला पाय कळतो, माणूस कळत नाही. कोण आलं, कुठून आलं, कुणाबरोबर आलं, याचा तिला पत्ताच नाही. हे मुद्दाम ठरवलं होतं की तंत्रच तसं होतं, ते बाजूला ठेवू. मोजायचं होतं तेवढंच मोजलं गेलं. कॅमेऱ्याचं तसं नसतं. गर्दी मोजायला लावलेला कॅमेरा चेहराही घेऊन ठेवतो, आणि आता चेहरा ओळखणारी प्रणालीही आली आहे.

चुंबकमाणसाच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्षपदी एक शास्त्रज्ञ होता, नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मार्चमध्ये ठरलेलं संमेलन साथीमुळे डिसेंबरवर गेलं होतं. सहा महिन्यांपूर्वी चमच्यावर भांडलेल्या गावात खगोलशास्त्रज्ञाची रिकामी खुर्ची मांडलेली होती.

पुढचं सिंहस्थ २०२७ चं. परवा मिसळीच्या टेबलावर याच गप्पा निघाल्या. कॅमेरे लागणार, एआय येणार, या वेळी चेंगराचेंगरी होणार नाही, असं एकजण हिरिरीने सांगत होता. त्याच्या समोर बसलेल्या, नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या काकांनी पावाचा तुकडा रश्शात बुडवला आणि विचारलं, "मेळा संपल्यावर ते फोटो कुणाकडे राहणार?" तो म्हणाला, "ते काय माहीत नाही बुवा." काकांनी आणखी एक तर्री मागवली.