टेबल सॉ घरी नेल्यावर: जोडणी, जुळवणी आणि पहिला काप

हे पत्रक टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापणाऱ्या मशीनच्या, खोक्यात सगळ्यात वर ठेवलं आहे. खाली ठेवलं की ते थर्माकोलबरोबर कचऱ्यात जातं, असा अनुभव आहे. कंपनीचं इंग्रजी पुस्तकही सोबत आहे. तेही वाचाच, कारण तुमच्या मॉडेलचा कुठला स्क्रू कुठे आहे ते त्यातच कळेल. इथे लिहिलंय ते दुकानात पुन्हा पुन्हा विचारलं जाणारं, आणि कुणी विचारत नाही पण विचारायला हवं असं.

आमच्याकडून टेबल सॉ नेणारे साधारण दोन प्रकारचे. एक, पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास किंवा साइटवर काम करणारे मिस्त्री. हातातला कटर प्लायच्या तुकड्याखाली उलटा बांधून त्यांनी वर्षानुवर्षं कामं काढली आहेत. दुसरे, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी लाकूडकाम करणारे हौशी. पहिल्यांना वाटतं, आम्हाला काय शिकवणार. दुसऱ्यांना वाटतं, व्हिडिओ पाहिलाय. आणि दोघंही एक पिशवी न उघडता माळ्यावर टाकतात, ती गार्ड (ब्लेडवरचं झाकण) आणि रायव्हिंग नाइफची (ब्लेडच्या मागची पट्टी). ती आधी शोधून बाहेर काढा.

प्लग सगळ्यात शेवटी

वायरला जी पट्टी बांधून येते ती जोडणी संपेपर्यंत सोडू नका. पुढेही ब्लेड बदलताना किंवा काही जुळवताना प्लग काढून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवा. भिंतीवरचं बटण बंद आहे यावर विसंबू नका. घरात बटणं दाबणारी माणसं अनेक असतात.

साइटवर नेण्याजोगी मशीनं स्टँडसकट साधारण २५ ते ३० किलोची असतात, त्यामुळे उचलायला दोघं लागतात. खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरा, मशीन टेबलाची बाजू खाली करून त्यावर पालथं ठेवा आणि पाय जोडा. सगळे बोल्ट आधी हातानेच पिळा. मग मशीन सरळ उभं करा, चारही पाय जमिनीला नीट बसू द्या आणि त्यानंतर पाना घेऊन समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून आवळा. पालथं असतानाच करकचून आवळलं तर स्टँडला पीळ बसतो आणि तो नंतर जात नाही.

गच्ची आणि बाल्कनीच्या फरशीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, आणि जुन्या वाड्यातली शहाबादी तर कुठेच सपाट नसते. समोरासमोरचे दोन कोपरे दाबून पाहा. मशीन डुगडुगलं तर स्टँडचा फिरवता पाय खाली-वर करा, तो नसेल तर जाड रबराचा तुकडा द्या. घडी केलेला पेपर थरथरीने सरकतो.

मशीन जमिनीवर ठेवून मांडी घालून काम करण्याची सवय इथे मात्र सोडावी लागेल. बसलेल्या माणसाला पटकन बाजूला होता येत नाही, आणि त्याचा चेहरा नेमका ब्लेडच्या रेषेत येतो. टेबल कमरेच्या आसपास हवं.

ब्लेड

ब्लेडवर तीन गोष्टी वाचा: व्यास, मधल्या भोकाचं माप आणि कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे). ब्लेडचा कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असायलाच हवा. भोक २५.४ मिमीचं आणि ३० मिमीचं, दोन्ही बाजारात मिळतात. मोठ्या भोकाचं ब्लेड छोट्या शाफ्टवर (ब्लेड फिरवणाऱ्या दांड्यावर) रिंगशिवाय बसवलं तर ते मध्यावरून फिरत नाही, आणि मग मशीन का थरथरतं म्हणून फोन येतो. रिंग हवी, तीही घट्ट बसणारी.

टेबलाच्या वर, तुमच्या बाजूला असलेले दात तुमच्याकडे, खालच्या दिशेने तोंड करून हवेत. फ्लँज (ब्लेडला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या) आणि शाफ्ट कोरड्या फडक्याने पुसा. तिथे भुश्याचा एक कण राहिला तरी ब्लेड वाकडं फिरतं. नट सोडवताना पाना ब्लेड ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने ओढायचा, आवळताना उलट. लॉक लावून मजबूत आवळा, पण पान्याला पाइप घालून जोर करू नका.

दातांबद्दल थोडक्यात. २४ दातांचं ब्लेड सागवान किंवा पाइन रेषांच्या दिशेने उभं चिरायला, ४० दातांचं रोजच्या कामाला, ६० ते ८० दातांचं लॅमिनेट लावलेल्या प्लायला आणि आडव्या कापाला. ८० दातांच्या ब्लेडने जाड सागवान उभं चिरायला गेलात तर लाकूड जळतं, मोटर गुरगुरते आणि माणूस जोर लावायला लागतो. जोर लावलेला हात घसरतो.

रायव्हिंग नाइफ

१० इंची ब्लेड ४,८०० आरपीएमला फिरतं तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास असतो. तुमच्या बाजूचे दात लाकूड टेबलावर दाबतात, ते चांगलंच. पण ब्लेडच्या मागचे दात वर येत असतात. लाकूड थोडं तिरकं झालं किंवा कापलेली फट मागे मिटली की हे दात त्याला उचलतात आणि तुमच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. बोटं जातात ती अनेकदा यातच: लाकूड निसटतं आणि त्यावर दाबून धरलेला हात ब्लेडवर जातो.

सागवानासारख्या भरीव लाकडात आतला ताण असतो. अर्धं चिरल्यावर दोन भाग कधी फाकतात, कधी एकमेकांकडे येऊन ब्लेड चिमटतात. आधी सांगता येत नाही. रायव्हिंग नाइफ ही ब्लेडच्या मागची पोलादी पट्टी कापलेल्या फटीत उभी राहते आणि फट मिटू देत नाही. ब्लेड वर-खाली किंवा तिरकं केलं की तीही सोबत हलते.

तिची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी हवी. समजा पत्रा २ मिमी आणि दात ३ मिमी रुंद, तर २.५ मिमीची पट्टी बरोबर. जाडी पट्टीवर छापलेली असते. बाजारातून पातळ दातांचं ब्लेड आणलंत आणि लाकूड मागे अडायला लागलं, तर दोष पट्टीचा नाही. ब्लेड बदला, पट्टी काढून टाकू नका. दात आणि पट्टी यांच्यात ३ ते ८ मिमी अंतर ठेवा, आणि स्टीलची मोजपट्टी ब्लेडला टेकवून रायव्हिंग नाइफ त्याच रेषेत आहे ना ते दोन्ही बाजूंनी पाहा.

गार्ड लावून काम दिसत नाही, ही तक्रार आम्ही नाकारत नाही. भुसा साचला की खरंच दिसत नाही. पण गार्ड पारदर्शक आहे आणि पुसता येतो. खाच पाडण्यासारख्या आरपार न जाणाऱ्या कापाला गार्ड काढावा लागतो, तो काप झाला की लगेच परत लावायचा. रायव्हिंग नाइफ मात्र अशा कापातही राहतो, कारण तो ब्लेडच्या माथ्यापेक्षा किंचित खाली बसवता येतो.

बोट लागताच ब्लेड थांबतं, तो व्हिडिओ दाखवून बरेच जण विचारतात. ते तंत्र अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये तयार केलं, मशीनचं नाव सॉस्टॉप. शरीरातून वीज वाहते हे ओळखून ॲल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसतो आणि ते ५ मिलीसेकंदांच्या आत थांबतं. तुमच्या खोक्यातल्या मशीनमध्ये ते नाही.

जुळवणी: इथे सुतावर भागत नाही

सुतारकामात सुताचं माप ठीक आहे. पण एक सूत म्हणजे ३ मिलीमीटरच्या वर, आणि इथे फरक पाहायचाय तो ०.१ मिलीमीटरचा. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते, तेव्हा कागदाचा तुकडा जवळ ठेवा.

पहिल्यांदा ब्लेड टेबलावरच्या खाचेला समांतर आहे का पाहायचं. ब्लेड पूर्ण वर घ्या, एका दाताला मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून खाचेपासून त्याचं अंतर मोजा. मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि परत मोजा. दात तोच हवा, नाहीतर ब्लेडचा बाक मोजला जाईल. मायटर गेजला (त्या खाचेत सरकणारा, लाकूड कोनात धरणारा टेकू) लाकडाची काठी बांधून तिचं टोक दाताला जेमतेम लावलंत तर मोजपट्टीही लागत नाही: मागे नेल्यावर मध्ये कागद दोन-तीन घड्या घालून शिरत असेल तर जुळवणी हवी. टेबलाखालचे बोल्ट सगळे एकदम सैल करू नका. एक जेमतेम आवळलेला ठेवा, बाकीचे सैल करा आणि लाकडी हातोडीने हलकेच ठोकून सरकवा. हे जमत नसेल तर आम्हाला बोलवा. अर्धवट सोडू नका.

मग फेन्स, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून सरकवायचं तो लांब आडोसा. तो त्याच खाचेला समांतर हवा. मागच्या टोकाला कागदाच्या जाडीइतका उघडा असला तर चालतो. मागे अरुंद मात्र कधीही नको, कारण लाकूड फेन्स आणि मागच्या दातांमध्ये आवळलं जातं. कापलेल्या कडेवर जळल्याच्या काळ्या खुणा दिसल्या तर आधी इथेच पाहा.

काटकोनासाठी गुण्या ब्लेडच्या पत्र्याला लावा, दातांना नाही. ब्लेडचा कोन दाखवणारा काटा ९० दाखवतो म्हणून विश्वास ठेवू नका. ९० आणि ४५ अंशांचे दोन्ही थांबे तपासून मगच काटा सरकवा. ब्लेडभोवतीची प्लेट टेबलाशी अगदी सपाट हवी. नखाने जाणवेल इतकी कड वर असली तरी लाकूड तिथे अडतं.

वीज

२,००० वॅटची मोटर २३० व्होल्टला ९ ॲम्पियरच्या जवळपास ओढते, सुरू होताना त्याहून बरीच जास्त. म्हणजे १६ ॲम्पियरचा पॉवर पॉइंटच हवा. मोबाइल चार्जरच्या छोट्या सॉकेटमध्ये ॲडॅप्टर घालून चालवलंत तर सॉकेट वितळू शकतं. एक्स्टेन्शन लागलंच तर २.५ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर घ्या आणि ती रिळावरून पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेली वायर तापते. प्लग तीन पिनांचा असेल तर अर्थिंगची पिन मोडू नका. बोर्डावर ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असावी.

पावसाळ्यात वीज जाते-येते. काम चालू असताना गेली तर स्विच बंद करा, मगच चहाला जा. काही मॉडेलमध्ये वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू न होणारा स्विच असतो. तुमच्यात आहे का ते आम्हाला विचारा.

पहिला काप

प्लग लावण्याआधी ब्लेड हाताने एकदा पूर्ण फिरवा, कुठे घासत नाही ना पाहा. मग प्लग लावून, ब्लेडच्या रेषेतून बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामं चालवा. आवाज एकसारखा हवा.

पहिला काप प्लायच्या टाकाऊ पट्टीवर. मायटर गेजने आडवा कापा, एक तुकडा उलटा करून कडा जुळवा. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी आहे. ब्लेड लाकडाच्या वर साधारण एका दाताइतकं ठेवा. फेन्स उजवीकडे असेल तर तुम्ही ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे उभे राहा. फेन्स आणि ब्लेडमध्ये १५० मिमीपेक्षा कमी जागा असेल तर हात नाही, पुश स्टिक (लाकूड ढकलायची काठी). फेन्स आणि मायटर गेज एकाच वेळी वापरून तुकडे पाडू नका, मोकळा तुकडा मध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. एकसारखे तुकडे हवेत तर फेन्सच्या पुढच्या भागाला एक ठोकळा क्लॅम्प करून माप त्यावर घ्या. कशाचाही आधार नसलेला, नुसत्या हाताने सरकवलेला काप या मशीनवर घ्यायचाच नाही.

आठ बाय चारचा अख्खा प्लाय छोट्या टेबलावर चढवू नका. १८ मिमीचा एक शीट तिसेक किलोचा असतो, तो मागून लोंबकळला की तिरका होणारच. टिंबर मार्केटमधूनच मोठे काप करून आणा. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान सुंदर असतं, पण त्यात खिळे असतात. लोहचुंबक फिरवा, खिळा निघाला नाही तर तो भाग कापून टाका.

हातमोजे घालू नका. मनगटावरचा दोरा, बांगड्या, ओढणी, सैल बाह्या, सगळं काढून किंवा खोचून ठेवा. चष्मा आणि कानाचे मफ्स लावा. लाकडाचा भुसा कर्करोगाचं कारण ठरू शकतो, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच वर्गीकरण केलं आहे. तेव्हा मशीनच्या भुसा बाहेर सोडणाऱ्या भोकाला व्हॅक्युमचा पाइप जोडा आणि मास्क लावा. एमडीएफला (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) तर विशेष.

पावसाळा आणि दसरा

बिडाच्या टेबलाला पुण्याच्या पावसाळ्यातही चार दिवसांत गंज दिसतो. मेण लावून घासा. तेल लाकडात उतरतं, सिलिकॉनचा स्प्रे पॉलिश धरू देत नाही. दसऱ्याला मशीनची पूजा जरूर करा, पण प्लग काढून. हळद-कुंकू आणि पाण्याचे थेंब दुसऱ्या दिवशी पुसून घ्या, आणि हार काढल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

हात कापलाच तर

जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि १०८ ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. रुग्णालयात जाताना ते सोबत न्या.

आमच्याकडून

पुणे आणि पिंपरी-चिंचवड हद्दीत पहिली जुळवणी आमचा माणूस येऊन करून देतो, तसं आम्हाला सांगा. त्यानंतर अडचण आली तर फोन करण्याआधी मशीनच्या नेमप्लेटचा आणि ब्लेडचा फोटो पाठवा, आणि चुकलेल्या कापाचे दोन्ही तुकडे जपून ठेवा. ते पाहिले की निम्मं निदान तिथेच होतं. मशीन दुकानात आणणार असाल तर ब्लेड काढून, वेगळं पुठ्ठ्यात गुंडाळून आणा.